शिपायाची बंदूक आणि नागरिकाचा कॅमेरा

धुळे-सोलापूर महामार्गाने छत्रपती संभाजीनगराहून बीडकडे जाताना पैठण तालुक्यातील पाचोड हे मोठे गाव लागते. मोसंबीचा बाजार म्हणून ह्या गावाचे नाव मराठवाड्याबाहेरही परिचित आहे. हंगामात मालगाड्यांची रीघ लागते. आडते, हमाल व शेतकरी ह्यांची गर्दी होते. आणि निवडणूक, मिरवणूक किंवा रास्ता रोको असला म्हणजे त्या गर्दीतच खांद्याला बंदूक लावलेले पोलीसही उभे दिसतात. अशा एखाद्या दिवशी कोणी तरुण खिशातून मोबाईल काढून बंदूकधारी शिपायाचे छायाचित्र घेतो, असे श्रोत्यांनी क्षणभर कल्पावे. पुढचा संवाद कोणालाही सांगता येईल.

"ए भाऊ, काय काढू राहिला रे तू? ठेव तो मोबाईल खिशात."

"साहेब, नुसता फोटो काढला जी."

"बंदुकीचा फोटो काढता येत नाही, कायदा आहे. पुसून टाक आधी."

तरुण मुकाट्याने चित्र पुसून टाकतो. कोणता कायदा, हे विचारण्याचे धैर्य त्याला झालेले नसते. आणि विचारलेच असते, तर शिपायालाही ते सांगता आले असते की नाही, ह्याची शंकाच आहे.

वस्तुतः सार्वजनिक रस्त्यावर कर्तव्यावर उभ्या असलेल्या पोलिसाचे किंवा त्याच्या शस्त्राचे छायाचित्र घेणे, एवढ्याच कृत्याला गुन्हा ठरविणारे कलम आपल्या सर्वसाधारण फौजदारी कायद्यात नाही. ज्याचे नाव पुढे करून धाक घातला जातो तो कायदा म्हणजे १९२३ सालचा शासकीय गुपिते अधिनियम. इंग्रजी राजवटीत तो झाला आणि स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिला. त्यात 'निषिद्ध स्थान' अशी एक संज्ञा आहे. लष्करी ठाणी, शस्त्रागारे, नौदल व हवाई दल ह्यांची ठिकाणे, दारूगोळा तयार करण्याचे कारखाने, आणि केंद्र सरकार अधिसूचना काढून जाहीर करील अशी स्थळे तीत येतात. राष्ट्राच्या सुरक्षिततेला बाधक अशा हेतूने ह्या स्थानांच्या जवळपास वावरणे वा त्यांचे रेखाटन करणे हा गुन्हा होय. आणि रेखाटन ह्या शब्दात छायाचित्राचा समावेश कायद्यानेच केलेला आहे. म्हणजे वरणगाव, खडकी किंवा भंडारा येथील सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यात कॅमेरा रोखणाऱ्याला हा कायदा आड येईल. पण तीच बंदूक पाचोडच्या चौकात शिपायाच्या खांद्यावर शेकडो लोकांच्या डोळ्यांपुढे असताना तिच्यात गुपित ते कोणते राहिले?

हा प्रश्न महाराष्ट्रात न्यायालयापुढे आला तो रस्त्यावरून नव्हे, तर पोलीस ठाण्यातून. वर्धा येथे २०१८ साली एक गृहस्थ शेजाऱ्याशी झालेल्या तंट्यासाठी ठाण्यात गेले व तेथील संभाषणाचे त्यांनी मोबाईलवर चित्रण केले. त्यांच्यावर गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये तो रद्द केला. कारण साधे होते: निषिद्ध स्थानांची कायद्यातील व्याख्या परिपूर्ण आहे आणि पोलीस ठाणे हा शब्द तीत कोठेही नाही.

असे गुन्हे अन्यत्रही नोंदले गेले. गोदावरी ओलांडून शेवगावच्या पलीकडे गेले की पाथर्डी लागते. तेथील दोघा भावांनी ठाण्यातील पोलिसांशी झालेले बोलणे ध्वनिमुद्रित केले, म्हणून त्यांच्यावरही तोच कायदा लावण्यात आला. सप्टेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या कायद्याखालील आरोप रद्द ठरविला. पाचोडच्या माणसाचा खटला उच्च न्यायालयात गेला तर तो ह्याच खंडपीठापुढे जाईल. तेव्हा ह्या निर्णयाची माहिती गावातील शिपायाला असावयास हरकत नाही, नागरिकाला तर असावीच. जेथे प्रत्यक्ष ठाण्यात केलेले मुद्रण हेरगिरी ठरत नाही, तेथे भर रस्त्यावरचे छायाचित्र हेरगिरी कसे ठरणार?

तथापि विषय येथेच संपत नाही. शस्त्र, पोलीस आणि कॅमेरा ह्यांची सर्वांत मोठी गाठ मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पडली. वृत्तपत्राच्या कचेरीतून सेबॅस्टियन डिसूझा हे छायाचित्रकार बाहेर धावले आणि समोरच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसात शिरले. आडोशाला राहून त्यांनी टिपलेले, हाती एके-४७ घेतलेल्या कसाबचे छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले. डिसूझा आणि त्यांचे व्यवसायबंधू श्रीराम वेर्णेकर ह्या दोघांची छायाचित्रे खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाली. दोघांनीही साक्षी दिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात ह्या दोघांच्या धैर्याचा आदराने उल्लेख केला आहे.

त्या रात्रीने आणखी एक गोष्ट उघड केली. एके-४७ च्या पुढे आपल्या पोलिसांच्या हाती लाठी किंवा जुन्या धर्तीची रायफल होती. तुकाराम ओंबळे ह्यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली व प्राण दिले, तेव्हा त्यांच्यापाशी लाठीच होती. पोलिसांच्या शस्त्रांची ही दैना लोकांच्या दृष्टीस पडली नसती, तर पुढे त्यांच्या शस्त्रसज्जतेविषयी जो गवगवा झाला आणि 'फोर्स वन' सारखे पथक उभे राहिले, ते इतक्या त्वरेने झाले असते काय? पोलिसाच्या हातातील बंदूक लोकांनी पाहावी ह्यात पोलिसाचेही हित असू शकते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

परंतु त्याच निकालपत्रात ह्याची दुसरी बाजूही मांडलेली आहे. हल्ला चालू असताना दूरचित्रवाहिन्या कमांडोंच्या हालचाली जशाच्या तशा दाखवीत होत्या. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरातून उतरणारे जवान घराघरांत दिसत होते, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही ते पाहून आपल्या माणसांना दूरध्वनीवरून सूचना देत होते. न्यायालयाने ह्या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५ साली केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन, दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचे थेट प्रक्षेपण करण्यास मनाई झाली. नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढेच वृत्त द्यावयाचे, असे ठरले. एकाच घटनेत एका कॅमेऱ्याची प्रशंसा झाली व दुसऱ्याची निर्भर्त्सना झाली. दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्यासमोर शस्त्रच होते. फरक पडला तो चित्र कोणत्या क्षणी कोणाच्या हाती पोहोचले ह्यामुळे.

गडचिरोलीचेही असेच आहे. नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी १९९० च्या सुमारास उभारलेल्या सी-६० पथकातील जवान त्याच मुलखातले. त्यांचे आप्त गावोगाव राहतात. तेथे जवानाचा चेहरा प्रसिद्ध करणे म्हणजे त्याच्या घराची वाट दाखविणे होय. तेथील जवानाने कॅमेरा अडविला तर त्यास दोष कोण देईल? पाचोडच्या चौकातल्या शिपायाला मात्र तेच कारण सांगता येणार नाही. त्याची अडचण निराळी असते. सकाळपासून उन्हात उभे राहावे, बसावयास जागा नसावी, आणि नेमकी टेकलेल्या क्षणीची छबी कोणी टिपून साऱ्या गावाला दाखवावी व त्याखाली वाटेल ते लिहावे, ह्याची त्याला चीड येते. ती चीड माणसाची आहे. कायद्याचा मात्र तिला आधार नाही.

परदेशांतही हा वाद मिटलेला नाही. इंग्लंडात २००९ साली अंमलात आलेल्या एका कलमाने, दहशतवाद्यांना उपयोगी पडेल अशी पोलिसांची माहिती जमविणे गुन्हा ठरले आणि छायाचित्रकारांनी त्याविरुद्ध लंडनमध्ये निदर्शने केली. अमेरिकेत मिनियापोलिस येथे मे २०२० मध्ये एका सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या मोबाईलवर केलेले चित्रण नसते, तर जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू कसा झाला हे न्यायालयाला इतक्या स्पष्टपणे कळले नसते.

आपल्याकडे तर कायदाच आता कॅमेऱ्याच्या बाजूने वळू लागला आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात चित्र व ध्वनी टिपणारे कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाप्रमाणे झडती व जप्तीचे चित्रण पोलिसांनी स्वतःच करावयाचे आहे, आणि तेही शक्यतो मोबाईलवर! ज्या यंत्राचा शिपायाला राग येतो तेच त्याच्या हाती कायद्याने दिलेले आहे.

नागरिकावरही बंधने आहेतच. चित्रण करताना पोलिसाच्या कामात अडथळा आणणे, त्याला धक्का देणे, त्याच्या अंगाशी जाऊन कॅमेरा धरणे हे गुन्ह्यात मोडू शकते. बंदोबस्ताच्या काळी सक्षम अधिकाऱ्याने मनाईचा लेखी आदेश काढला असेल, तर तो पाळावा लागतो. छावणीच्या तारेच्या कुंपणाशी छायाचित्रे काढीत उभे राहणे तर शहाणपणाचे नाहीच. उलट पक्षी, दुसऱ्याच्या मोबाईलमधील चित्र पुसून टाकावयास लावण्याचा अधिकार शिपायाला कोणत्याही कलमाने दिलेला नाही. चित्र खरोखरच गुन्ह्याचे असेल तर ते पुरावा ठरते, आणि पुरावा पुसावयाचा नसतो. गुन्ह्याचा संशय असल्यास पोलिसाला मोबाईल जप्त करता येतो. पण मग जप्तीचा पंचनामा व्हावा लागतो, तिची नोंद व्हावी लागते आणि वरिष्ठांकडे व न्यायालयाकडे कळवावे लागते. असा प्रसंग ज्याच्यावर येईल त्याने हुज्जत न घालता एवढेच म्हणावे, "साहेब, मोबाईल न्या, पण पंचनामा करा आणि त्याची प्रत मला द्या."