‘येतो’ म्हणून निघावं



मला इथं बोलावतात ते बहुधा कवितेवर बोलायला. आज मात्र मी माझ्या टेबलावरच्या एका काळ्या डबीविषयी बोलणार आहे. साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवल्या तर होईल एवढीच ती डबी. तिच्या पाठीला सात-आठ भोकं आहेत. एकात मोठ्या पडद्याची वायर, एकात कीबोर्डची, एकात माऊसची, एकात प्रिंटरची, एकात बाहेरच्या हार्ड डिस्कची, एकात विजेची. पुढून मात्र एकच वायर निघते. ती लॅपटॉपला लावली की लॅपटॉपचा टेबलावरचा मोठा संगणक होतो. काढली की पुन्हा आपला लॅपटॉप. या डबीला डॉकिंग स्टेशन म्हणतात.

डॉक म्हणजे गोदी. जहाज येतं, गोदीला लागतं, माल उतरवतं, इंधन-पाणी घेतं आणि पुन्हा निघतं. मराठीत गोदी ती ही. आमच्या घरी दखनी बोलतात, तिच्यात मात्र गोदी म्हणजे मांडी. मूल आईच्या गोदीत असतं. आणि लॅपटॉप या शब्दाचा अर्थ तरी दुसरा काय, मांडीवरचा! म्हणजे आमच्याकडे हे यंत्र एका गोदीतून उठतं आणि दुसऱ्या गोदीत जाऊन बसतं. असं काही सापडलं की मी दोन दिवस खूश असतो. माझ्या मुलीला त्यात विशेष काही वाटलं नाही.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९९२ साली ॲपल कंपनीनं पॉवरबुक ड्युओ नावाचा लॅपटॉप काढला. तो हलका ठेवायचा म्हणून त्यात फ्लॉपीची सोयसुद्धा आत ठेवली नव्हती. ती सोय, मोठा पडदा जोडायची जागा, हे सारं ‘ड्युओ डॉक’ नावाच्या एका खोक्यात. व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवायचो ना आपण, तसा तो मिटलेला लॅपटॉप खोक्यात सरकवायचा. खोकं त्याला आपणहून आत ओढून घेई.

मी पहिलं डॉक पाहिलं ते २००५ च्या सुमारास. मी सोलापुरात सुताच्या एका पेढीवर हिशेब लिहितो. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसानं कीर्द-खतावणी का लिहावी, हा प्रश्न मला पूर्वी फार पडायचा. आता पडत नाही. तर आमच्या मालकांच्या मुलानं लॅपटॉप घेतला होता आणि त्याच्याबरोबर एक जाड पाट आला होता. लॅपटॉपच्या पोटाखाली एक लांबट खाच होती. ती पाटावर जुळवून दाबली की खट्‌कन आवाज यायचा. काढताना बाजूचा खटका ओढायचा. पण त्याआधी एक रीत होती. विंडोज एक्सपीच्या स्टार्ट मेनूत ‘अनडॉक कॉम्प्युटर’ अशी एक ओळ यायची. तिच्यावर क्लिक करायचं, यंत्र आतली आवराआवर करायचं आणि मग सांगायचं, आता न्या.

ती रीत मला फार आवडली होती. आपल्याकडे घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आमच्या मैफलीतून उठायचं असेल तर यजमानाकडं बघून ‘इजाजत?’ असं विचारतात. तो मान हलवतो, मग माणूस चपला शोधायला लागतो. यंत्रालाही ही तहजीब शिकवणारा कुणीतरी आहे, याचं मला तेव्हा बरं वाटलं.

पुढं २०१४ साली यूएसबी-सी नावाची जोडणी ठरली. छोटी, लंबगोल, उलटी-सुलटी कशीही बसणारी. त्या एका वायरीतून वीजही जाते, चित्रही, आवाजही आणि फायलीही. मग जाड पाट मागं पडला, खटका गेला. आणि खटक्याबरोबर निरोप घ्यायची आठवणही गेली. वायर उपटली की निघाले!

माझी मुलगी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा ती घरी आली आणि पुढं दोन वर्षं आमच्या पुढच्या खोलीत बसून नोकरी करत होती. ही डबी तिनं तेव्हा घेतली. परत जाताना ती टेबल, पडदा, डबी सगळं तसंच ठेवून गेली. २०२३ च्या दिवाळीत तिनं स्वतःला नवा लॅपटॉप घेतला आणि जुना माझ्या हवाली केला. ‘अब्बा, आता पेन्सिल ठेवा,’ म्हणाली. पेन्सिल मी ठेवली नाही. पण हे यंत्र शिकलो.

शिकताना ज्या ठेचा लागल्या त्यातल्या दोन-तीन सांगतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी डबी आली असेल तर उपयोगी पडतील. पहिली गोष्ट, यूएसबी-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून सगळं जाईल असं नाही. काही भोकांतून फक्त फायली जातात, पडद्यावर चित्र जात नाही. एका लॅपटॉपला अशी दोन भोकं असतील तर दोन्ही लावून बघावीत. दुसरी विजेची. लॅपटॉपला लागते तेवढी वीज डबीनं दिली पाहिजे. पासष्ट वॉट मागणाऱ्याला पंचेचाळीस दिले तर तो तक्रार करतो, नाहीतर जास्त काम पडलं की वायर लावलेली असूनही बॅटरी उतरत जाते. तिसरी झाकणाची. मोठ्या पडद्यावर काम करताना लॅपटॉप मिटून ठेवावासा वाटतो. पण झाकण मिटलं की तो झोपी जातो. त्याला सेटिंगमध्ये सांगावं लागतं की वीज जोडलेली असताना झाकण मिटलं तरी झोपू नकोस, बॅटरीवर असताना मात्र झोप. हे दुसरं वाक्य सांगायला मी विसरलो होतो. लॅपटॉप पिशवीत जागाच राहिला आणि पंढरपूरला पोचेपर्यंत पिशवी अशी तापली की शेजारच्या प्रवाशानं विचारलं, डबा गरम आहे का?

कीबोर्डचंही सांगायला हवं. डबीला लावलेल्या कीबोर्डवर मराठी अक्षरं छापलेली नाहीत. मी इन्स्क्रिप्ट शिकलो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. एका हातानं व्यंजन वाढायचं, दुसऱ्यानं काना-मात्रा. पंधरा दिवसांत बोटं वळली. लोक याला उगाच भितात.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय तिथं येतो.

माझ्या अम्माचं वय ऐंशीच्या पुढं आहे. तिचं माहेर विजापूरकडं, इंडी तालुक्यात. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत सतराव्या शतकापासून ‘चक्कीनामा’ नावाचा प्रकार आहे. बायकांनी दळताना म्हणायची दखनी गाणी. त्यातली काही अम्मा आपल्या आईकडून घेऊन आली. लग्न होऊन सोलापूरला आली तेव्हा वाड्यात जातं एकच होतं आणि दळायला सगळ्या जातींच्या बायका. तिथं तिनं मराठी ओवी उचलली. आता तिच्या तोंडात दोन्ही एकमेकांत मिसळलेत. एक ओळ दखनी, पुढची मराठी, मधे माहेरच्या-सासरच्या माणसांची नावं.

हे सगळं नोंदवून ठेवायचं मी २०२४ च्या जानेवारीत मनावर घेतलं. नुसतं म्हण म्हटलं की तिला एक ओळ आठवत नाही. परसातलं जुनं जातं धुऊन घेतलं, मूठभर ज्वारी आणली आणि खुंट्याला तिचा हात लावला. मग सुरू झाली. लॅपटॉप डबीपासून सोडवून परसात नेला, खाली चटईवर ठेवला. नऊ दिवस, नऊ ध्वनिमुद्रणं. सगळी बाहेरच्या डिस्कवर ठेवली. लॅपटॉपमध्ये जागा कमी म्हणून तिथली पुसून टाकली. हिशेबनिसानं एकच वही ठेवावी आणि तीही कच्ची, तसा प्रकार!

नवव्या दिवशी गाताना तिनं एक नाव घेतलं. मुलाचं नाव, आमच्या घरात मी कधी न ऐकलेलं. मी चमकलो. पण गाणं तोडायचं नाही म्हणून गप्प बसलो. यंत्रात आहेच, नंतर ऐकू, असं मनात म्हटलं. नंतर ऐकायचं राहून गेलं.

जूनमध्ये एका रविवारी मी ती मुद्रणं नीट करायला बसलो. जात्याची घरघर फार मोठी आली होती, ती कमी करावी म्हणून. आता मला त्याची लाज वाटते. पण तेव्हा वाटलं, अम्माचा आवाज स्वच्छ व्हावा. नववं मुद्रण घेतलं, घरघर उतरवली आणि त्याच नावानं त्याच जागी सेव्ह करायला सांगितलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. तेवढ्यात दारात रिक्षा. बार्शीला कविसंमेलन होतं आणि माझ्या कविता लॅपटॉपमध्ये. मी वायर उपटली, झाकण मिटलं आणि एसटी स्टँड गाठला.

रात्री परत येऊन वायर लावली, तर यंत्र म्हणालं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?

मुलीला फोन केला. ती ओरडलीच. ‘अब्बा, हात नक्को लगाओ उसकू!’

ती शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं आली. मला पुढं बसवून तिनं जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. डिस्कवर दोन गोष्टी असतात. एक म्हणजे मजकुराची पानं. दुसरी, कोणता मजकूर कोणत्या पानावर आहे त्याची खतावणी. यंत्र वेग मिळावा म्हणून पुष्कळदा नोंद आधी कच्च्या वहीत करतं, म्हणजे आपल्या स्मृतीत, आणि सवडीनं पक्क्या वहीत उतरवतं. हे उतरवणं चालू असताना वही हिसकावली की खतावणी अर्धवट राहते. साध्या दोन वायरी असत्या तर मी पडद्याची काढली असती, डिस्कची राहू दिली असती. डबीत मात्र सगळ्यांची दोरी एक. ती ओढली की पडदा, कीबोर्ड, वीज आणि डिस्क एका क्षणात तुटतात.

पानं मात्र बहुतेक जागच्या जागी होती. तिनं त्या डिस्कवर नवं काहीही लिहू दिलं नाही. एका सॉफ्टवेअरनं पानं एकेक वाचून दुसऱ्या डिस्कवर उतरवली. रात्रभर चाललं. सकाळी आठ मुद्रणं मिळाली, नावं गेलेली, नुसते आकडे उरलेले. पहिलं लावलं तर आवाजच नाही. माझे हातपाय गळाले. मुलगी हसली. डबी लावली की आवाज पडद्याकडं जातो आणि आमच्या पडद्याला स्पीकरच नाही. लॅपटॉपकडं वळवला, तर अम्मा गात होती.

नववं मिळालं ते अर्धवट. पहिली चार मिनिटं नीट, पुढं खरखर. ते नाव खरखरीच्या पलीकडं होतं.

मुलगी परत गेल्यावर मी अम्माला विचारलं, त्या दिवशी तू कुणाचं नाव घेतलंस? ‘मैं कब नाम ली?’ ती म्हणाली. मी पुन्हा विचारलं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, ‘क्या करता रे वो नाम लेको?’ आणि उठून आत गेली. पन्नाशी उलटलेल्या मुलाला आईनं असं उत्तर दिल्यावर तिसऱ्यांदा विचारता येत नाही.

त्यानंतर घरात शिस्त आली. प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती असतात. एक लॅपटॉपमध्ये, एक डिस्कवर, एक पुण्याला मुलीकडं. घरघर काढायच्या भानगडीत मी पडत नाही. आणि डबीपासून सुटताना रीतसर निरोप घेतो. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बाण असतो, त्यावर क्लिक केलं की प्लगसारखं एक छोटं चित्र दिसतं. त्यावर क्लिक करून डिस्कचं नाव निवडायचं. आत काही चालू असेल तर यंत्र सांगतं, अजून वापर चालू आहे. मग कोणती फाईल उघडी राहिली ते बघून ती बंद करायची. सगळं आवरलं की काढायला हरकत नाही असं येतं. मग वायर. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागत नाही.

गेल्या थंडीत अम्मानं आपणहून जातं मागितलं. ज्वारी घातली. मी डबीचा निरोप घेतला, लॅपटॉप परसात नेला, चटईवर ठेवला. बराच वेळ ती नेहमीचंच म्हणत होती. ऊन जात्यावर आलं तेव्हा ते नाव आलं. पाठोपाठ एक वाक्य आलं, दखनीत, त्या मुलाच्या तापाचं. माझ्या जन्माच्या आधीचा ताप असावा. यावेळी मुद्रण चालू होतं तरी माझ्या खिशात पेन्सिल होती. गॅसच्या पावतीच्या पाठीवर मी ते नाव लिहून घेतलं. तुम्हाला ते सांगत नाही, ते तिचं आहे.

थोड्या वेळानं तिचा हात थांबला. तिनं लॅपटॉपकडं बोट दाखवून विचारलं, ‘सोया क्या वो?’ मी म्हटलं, नाही अम्मा, ऐकतोय. तिनं खुंट्याला पुन्हा हात घातला.