पदरावरचा मोर कोणाचा?



मागाच्या खटखटीवर जागं होणाऱ्या या येवल्यात, वस्त्रकला संमेलनाच्या स्वागत समितीच्या वतीनं आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करतो.

पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. नावाला संरक्षण आलं, याचा आम्हाला अभिमान आहे. पण नक्षीमागचं विणकराचं मन कुठल्याच दाखल्यावर उमटत नाही. आपल्याला इथं बोलायचं आहे ते त्या मनाबद्दल.

मोर, पोपट, कमळ, आसावलीची वेल हे आपल्याला वारशानं मिळालं. पदर विणताना प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. ताण्याचे तार मोजायचे, रंगाचा धागा तेवढ्याच तारांतून हातानं फिरवायचा, शेजारच्या रंगात गुंतवायचा आणि पुढं सरकायचं. म्हणूनच पदर उलटून पाहिला तरी मोर तसाच दिसतो. नक्षीचा कागद दोन विणकरांसमोर एकच असेल. पण मोराच्या गळ्याला कोणता निळा शोभेल, त्याला लागून हिरवा किती गडद हवा, हे पारखणारी नजर ज्याची त्याची. तिथं तो मोर त्या विणकराचा होतो.

गोधडी शिवणाऱ्या मायबहिणींपुढं तर कागदही नसतो. आईच्या लुगड्याचा तुकडा मधोमध लावायचा की काठाला, लेकराचं झबलं कुठं जोडायचं, हे तिचं तीच ठरवते आणि धावदोरा घालते. मुंबईच्या वस्त्रकलावंत मोनिका कोरिया यांनी तर विणता विणताच मागाची फणी काढून ताण्याचे तार मोकळे सोडले आणि स्वतःची चित्रभाषा घडवली. परंपरा नक्षी हाती देते. अर्थ ज्याचा त्यानं भरायचा असतो.

प्रदर्शनाच्या दालनात कारागीर आपापल्या कामाजवळ बसले आहेत. किंमत जरूर विचारा. पण हाच रंग का घेतला, हा तुकडा कोणाचा, हेही विचारा. ते सांगतील ते त्यांच्या नावानिशी लिहून ठेवा. पुढची पिढी मागावर बसावी असं वाटत असेल, तर विणकराला रास्त मजुरी मिळाली पाहिजे आणि कलावंत म्हणून त्याचं नावही लागलं पाहिजे. या दोन्ही गोष्टींसाठी संमेलनानं ठराव करावा, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.