पांढरी जागा आणि परीक्षकाची नजर

(जलरंग चित्रप्रदर्शनाच्या पारितोषिक वितरणप्रसंगी झालेल्या भाषणाचा मजकूर)



जबलपुरात जलरंगांचे प्रदर्शन भरले, की भिंतीवर भेडाघाट अवतरतोच. संगमरवरी कडे, धुवांधार, ग्वारीघाटावरची दीपदानाची संध्याकाळ, मदनमहालाजवळचा तो एकावर एक तोललेला खडक, हे या नगरीचे ठरलेले विषय. त्यात वावगे काही नाही. नर्मदेच्या काठी वाढलेल्या मुलाने नर्मदा रंगवावी, हे स्वाभाविकच आहे. मात्र परीक्षकाचे काम त्यामुळे अवघड होते. दहा चित्रांत तोच कडा आणि तीच नाव असली, म्हणजे विषयाच्या नावीन्यावर गुण देण्याची सोय उरत नाही. मग एकच प्रश्न शिल्लक राहतो: या दहा जणांपैकी तो कडा खरोखर पाहिला कोणी?

जलरंगात या प्रश्नाचे उत्तर लपवता येत नाही. तैलरंगात चुकलेल्या भागावर दुसरा थर चढवता येतो. पारदर्शक जलरंगात प्रकाश येतो तो कागदाच्या पांढरेपणातून. ज्या जागी उजेड हवा, ती जागा चित्रकाराने आधीच ओळखून कोरी सोडावी लागते. एकदा तिच्यावर रंग गेला, की ती पहिल्यासारखी परत मिळत नाही. म्हणूनच भेडाघाटाचा संगमरवर ही जलरंगाची खरी कसोटी आहे. तेथील पांढरा दगड सकाळी निळसर, दुपारी पिवळसर आणि सावलीत करडा दिसतो. ज्याने तो पाहिला, तो कागदाचा फार थोडा भाग कोरा ठेवतो आणि बाकीच्या कड्यावर अगदी पातळ छटा देतो. ज्याने केवळ छापील चित्र पाहिले, तो सगळा कडा पांढरा सोडून भोवती काळी रेघ ओढतो. धुवांधारचे तुषार तर ओल्या कागदावर रंग सोडून, त्याला आपल्या वाटेने पसरू देऊनच साधतात. तेथे हाताइतकाच धीर लागतो.

परीक्षण होते कसे, हे पालकांना ठाऊक असलेले बरे. चित्रांवर क्रमांक असावेत आणि नावे झाकलेली असावीत, हा पहिला दंडक. नाव दिसले की नजर बिघडते, आणि ही गोष्ट थोरामोठ्यांच्या बाबतीतही खरी आहे. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे, हाताच्या आडोशाने ज्योत जपणाऱ्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. समईचा उजेड तिच्या बोटांतून आणि चेहऱ्यावर असा उतरला आहे, की तो कागदावर आहे हे क्षणभर विसरायला होते. तरीही ते चित्र राजा रविवर्म्यांचे आहे, असे कित्येक प्रेक्षक समजत आले. वस्तुतः रविवर्मा १९०६ साली निवर्तले आणि हे चित्र त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी रंगवले गेले. प्रसिद्ध नाव पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असे उभे राहते. शाळेच्या प्रदर्शनात ते नाव एखाद्या प्रतिष्ठित घराण्याचे असते, एवढाच फरक.

नावे झाकल्यावर पहिली फेरी दुरून व्हावी. दहा पावलांवरून चित्राची मांडणी आणि छायाप्रकाश कळतो. दुसरी फेरी जवळून. तेथे कुंचल्याचा आत्मविश्वास, रंगांची स्वच्छता आणि कागदाचा राखलेला मान दिसतो. वयोगट वेगळे असावेत, कारण आठ वर्षांच्या मुलाकडून यथादर्शनाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तिसऱ्या फेरीत परीक्षकांनी आपापले गुण मांडावेत आणि मतभेद झाला, तर सरासरी काढून मोकळे न होता पुन्हा त्या चित्रापुढे जाऊन उभे राहावे.

आणि बहुधा याच टप्प्यावर परीक्षकापुढे सर्वांत कठीण पेच उभा राहतो. समोर दोन चित्रे असतात. एकात नदी सुरेख वाहते, आकाशाचा वॉश डागाविना उतरलेला असतो. पण नावेतली माणसे कच्च्या हाताची आणि पाण्यावरची छटा मुरलेल्या हाताची असते. दुसऱ्यात आकाशाला पाण्याचे डाग पडलेले असतात, नाव किंचित कललेली असते. परंतु कड्याच्या टोकावर नेमकी ऊन पडते तेवढीच जागा कोरी सोडलेली असते. पहिल्या चित्रात घरातील एखाद्या वडीलधाऱ्याचा हात फिरलेला आहे, हे जाणत्या नजरेला कळते. सिद्ध मात्र करता येत नाही.

तेथे पारितोषिक दुसऱ्या चित्राला जावे. पहिल्या मुलाला शिक्षा व्हावी, असा त्यात हेतू नाही. आईच्या किंवा दादाच्या हातून बक्षीस मिळवलेल्या मुलाला त्या दिवशी एक गोष्ट शिकवली जाते: तुझे स्वतःचे पाहणे पुरेसे नाही. ही शिकवण पेल्यातील रंगीत पाण्यासारखी सहज ओतून देता येत नाही. पालकहो, मुलाचे आकाश डागाळले, तर डागाळू द्यावे. पुढच्या वेळी कागद किती ओला हवा, हे तो डागच त्याला सांगतो.

परीक्षकही चुकतात, हेही याच व्यासपीठावरून मान्य व्हायला हवे. १९३५ साली सिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीने अमृता शेरगिल यांची काही चित्रे नाकारली आणि त्यांच्याच दुसऱ्या एका चित्राला पारितोषिक दिले. निवड चुकली आहे, असे वाटून त्यांनी ते पारितोषिक परत केले. पुढे दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांच्या तीन मुलींच्या तैलचित्राला सुवर्णपदक दिले. चित्रकर्ती तीच होती. पाहणारे डोळे बदलले होते.

याच नर्मदेच्या खोऱ्यातले उदाहरण सय्यद हैदर रझा यांचे. १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे जन्मलेल्या या मुलाचे चित्त थाऱ्यावर राहावे, म्हणून प्राथमिक शाळेतील गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले. रझांना १९४६ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक आणि १९४८ साली सुवर्णपदक मिळाले. त्यांच्या आरंभीच्या कामात जलरंगातील निसर्गदृश्ये आहेत. पण पुढे त्यांच्या चित्रांत परत आला, तो भिंतीवरचा बिंदू. त्या बिंदूला कोणी गुण दिले नव्हते. एका शिक्षकाने एका मुलाला पाहायला शिकवले होते. २०१६ साली रझा मंडल्याच्याच मातीत विसावले.

आणि खुद्द जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा! नंदलाल बोस यांच्या या शिष्याने भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे पृष्ठ सजवले. त्या पृष्ठाच्या कोपऱ्यात त्यांची सही आहे ती केवळ ‘राम’ अशी, शोधावी लागेल इतकी लहान. ज्यांच्या सजावटीतील पान देशभर पोचले, त्यांनी आपल्या नावाला एवढीच जागा दिली.

म्हणून आजच्या पारितोषिकांविषयी दोन अपेक्षा. पहिली परीक्षकांकडून: पहिल्या तिघांची नावे जाहीर करून काम संपत नाही. ज्यांना काही मिळाले नाही, त्या प्रत्येक मुलाच्या चित्रामागे पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या जाव्यात. एक, यात काय साधले. दुसरी, पुढच्या वेळी काय पाहावे. ढाल कपाटात राहते, त्या दोन ओळी हातात उतरतात. दुसरी अपेक्षा पालकांकडून: घरी जाताना ‘नंबर का नाही आला?’ असे विचारू नये. ‘ही जागा कोरी का ठेवलीस?’ असे विचारावे.

त्या प्रश्नाला मुलाकडे उत्तर असेल, तर त्याने भेडाघाट पाहिला आहे. शाळेच्या हीरक महोत्सवाला याहून मोठे पारितोषिक नको.