सुपातली सिगार
(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल'. त्यावर बोलता आलं असतं. पण तुमच्यापैकी निम्म्यांची मुलं त्याच क्षेत्रात आहेत आणि उरलेल्यांना त्या गप्पांचा कंटाळा आलेला आहे. म्हणून मी आज सिगारबद्दल बोलणार आहे. सिगारेट नव्हे, सिगार. मागची रांग हसतेय. ती का हसतेय हे पी.टी.च्या सरांना चांगलं माहीत आहे.

एक आधीच सांगून टाकते. मी ओढत नाही. आयुष्यात एकच सिगार ओढली, तीही पुरती नाही. धूर छातीत घेत नाहीत म्हणून सिगार निरुपद्रवी होत नाही, तोंडाचा कॅन्सर तिनेही होतो. माझ्या घरात तंबाखूने काय केलंय ते पुढे येईलच.

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी तीन महिने फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात होते. तिथे इबोर सिटी नावाचा भाग आहे. व्हिसेंते मार्तिनेस इबोर नावाच्या कारखानदाराने १८८५ मध्ये तो वसवायला घेतला. क्यूबा, स्पेन, सिसिली अशा ठिकाणांहून कामगार आले आणि हाताने सिगार वळणाऱ्यांचं एक गावच उभं राहिलं. विटांचे लांबलचक कारखाने, कामगारांची एकसारखी छोटी लाकडी घरं. १९१० मध्ये बांधलेला, घड्याळाचा मनोरा असलेला एक कारखाना तर अजून चालू आहे. सोलापूरच्या पूर्वभागात वाढलेल्या मुलीला हे चित्र अनोळखी वाटेल का, तुम्हीच सांगा. आपल्याकडे मनोऱ्याऐवजी भोंगा होता, एवढाच फरक.

आमचं काम वेळेत पार पडलं म्हणून तिथल्या सहकाऱ्यांनी सगळ्यांना सिगारची चव घ्यायला नेलं. शिकवायला एक म्हातारे क्यूबन गृहस्थ होते, आयुष्यभर सिगार वळलेले. टेबलावर लाकडी फळी, हातात चावेता, म्हणजे अर्धचंद्रासारखी पोलादी पाती. त्यांनी आधी वळून दाखवली. आत तीन प्रकारची पानं. झाडाच्या शेंड्याकडची जाड, कडक आणि हळू जळणारी, ती मधोमध. मधल्या भागातली सुवासासाठी. अगदी खालची, ती चटकन पेटतात म्हणून. ही पानं चिरायची नाहीत, चुरायची नाहीत. घडी घालून अशी धरायची की हवेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाट राहील. त्यावर एक बांधणीचं पान. आणि सगळ्यात वर नितळ, ओलसर, शीर काढलेलं अर्धं पान, तिरपं ताणून गुंडाळलेलं. शेवटी डोक्यावर छोटीशी टोपी, डिंकाने चिकटवलेली. तंबाखूचं पान तोडून लगेच वळत नाहीत. वाळवतात, मग ढीग रचून आंबवतात. ढीग आतून तापतो, अमोनियाचा उग्र वास निघून जातो आणि पान मवाळ होतं. मग ते महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं मुरत ठेवतात. लोणच्यासारखंच की.

मग चव. तुम्हाला वाटेल काडी लावली आणि सुरू झालं. नाही. आधी न पेटवता वास घ्यायचा, पानाचा वेगळा आणि उघड्या टोकाचा वेगळा. टोपी जिथे संपते त्याच्या जरा वर कापायची, खाली कापली तर वरचं पान उलगडतं. मग न पेटवताच एक झुरका ओढून बघायचा. मला त्यात गवताच्या गंजीचा आणि मनुक्यांचा वास आला. पेटवताना ज्योत टोकाला टेकवायची नाही, लांबून शेकायची, फिरवत फिरवत, भाकरी शेवटी निखाऱ्यावर शेकतो तशी. मिनिटाला एखादा झुरका. घाई केली की सिगार तापते आणि कडू होते. धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवायचा. थोडा नाकावाटे सोडला की खरी चव कळते, कारण चव म्हणजे बराचसा वासच. पहिल्या तिसऱ्या भागात मला ओल्या लाकडासारखं काहीतरी लागलं, मधल्यात भाजलेल्या शेंगदाण्यासारखं आणि थोडी मिरी. शेवटचा भाग मी पाहिलाच नाही. डोकं गरगरलं, कपाळावर घाम आला, म्हाताऱ्यांनी साखर घातलेली कॉफी पुढे केली. उरलेली विझवायचीही नाही म्हणे, राखदाणीत ठेवून द्यायची, ती आपली आपण विझते.

पण मला सांगायचंय ते या सगळ्याच्या आधीचं. वाटलेली सिगार हातात आली तेव्हा म्हातारे म्हणाले, पेटवण्याआधी बोटांनी तपासा. सगळ्यांनी उगीच चाचपल्यासारखं केलं. मी दोन बोटांत धरून टोकापासून फिरवत नेली आणि मध्यावर थांबले. म्हटलं, इथे गाठ आहे, ओढणार नाही ही. त्यांनी माझ्या हातातून घेतली, दाबून बघितली, कापून झुरका घेतला. हवा येईना. त्यांनी मला दुसरी दिली आणि विचारलं, तू कुठल्या कारखान्यात होतीस?

मी म्हटलं, "माझी आई विड्या वळायची. पस्तीस वर्षं."

सर, बाई, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं ते तिथे, टॅम्पामध्ये, इंग्रजीत. या शाळेत सहा वर्षं होते, पण इथे ते कधी म्हटलं नाही.

आपल्या वर्गात विडीवाल्यांच्या मुली कमी नव्हत्या. एकमेकींच्या दारात सुपं दिसायची, पण शाळेत आम्ही ते ओळखत नसल्यासारख्या वागायचो. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळायची, सकाळी फर्मा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा. पानाची सुरळी, चिमूटभर तंबाखू, नखाने तोंड दुमडायचं, दोरा, झाली विडी. पंचवीसचा कट्टा. दिवसाला हजार. संध्याकाळी कारखान्यात नेल्या की तपासणारा माणूस कट्टा हातात दाबायचा आणि पोकळ, घट्ट, वाकड्या बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणायचे. छाटाचे पैसे नाहीत, आणि विड्याही परत नाहीत. म्हणून अम्मा घरून निघायच्या आधी मला कट्टे तपासायला बसवायची. माझ्या बोटांचं शिक्षण ते.

आठवीत सगळ्यांना एक तक्ता भरायला दिला होता. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी 'गृहिणी' लिहिलं. पुढच्याच महिन्यात विडी कामगार कल्याण निधीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आला आणि त्याला अम्माच्या कार्डाची प्रत जोडायची होती. मराठीच्या बाईंकडे दोन्ही कागद होते. बाकीच्या शिष्यवृत्त्यांची नावं वर्गात पुकारली गेली, माझं नाही. बाईंनी मधल्या सुट्टीत मला जिन्याखाली बोलावलं, सही झालेला अर्ज हातात दिला आणि म्हणाल्या, "वहीत ठेव, घडी पडू देऊ नकोस." एवढंच. तक्त्याबद्दल एक शब्द नाही. त्या पैशांतून माझी दहावीपर्यंतची पुस्तकं आली. बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्हाला ते आठवत असेल की नाही ठाऊक नाही, मला तो जिना रोज आठवतो.

बाईंचा विषय निघालाच आहे तर अजून एक. इबोरच्या कारखान्यांत पूर्वी वाचक असायचा. ही पद्धत क्यूबातली, हवानात १८६५ च्या सुमारास सुरू झालेली. शेकडो माणसं वळत बसलेली आणि उंच मचाणावर एकजण मोठ्याने वाचतोय. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. वाचकाचा पगार मालक देत नसे, कामगार वर्गणी काढून देत, आणि कुठलं पुस्तक हेही तेच ठरवत. मॉन्टेक्रिस्टो, रोमिओ ई हुलिएता ही प्रसिद्ध सिगारींची नावं साहित्यातून आलेली आहेत. टॅम्पाच्या मालकांना वाटायचं की हे वाचन ऐकून कामगार बिघडतात. १९३१ मध्ये त्यांनी वाचक काढून टाकले, कामगारांनी संप केला, तरी वाचक परत आले नाहीत. मचाणाच्या जागी रेडिओ आले.

म्हाताऱ्यांनी हे सांगितलं तेव्हा मला आमचं अंगण दिसलं. पाच-सहा बायका, सुपं, आकाशवाणीचं सोलापूर केंद्र, आणि रेडिओचे सेल संपले की अम्माची हाक, "वाच गं काहीतरी." घरात तेलुगू, त्यातल्या दोघींना मराठी अर्धंच कळायचं, पण मी बालभारतीचे धडे वाचायचे. इतिहासही वाचायचे. आग्र्याहून सुटकेचा प्रसंग आला की हात थांबायचे आणि शेजारची अक्का ओरडायची, पुढे वाच, पुढे वाच. बाई, वक्तृत्व स्पर्धेच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, घरी मराठी नाही तर उच्चार इतके स्वच्छ कसे. मी म्हटलं होतं, असेच. ते असेच नव्हते.

येताना मी दोन सिगार घेऊन आले. पंधरा डॉलरची एक. अम्मा आता विडी घरकुलात असते, कुंभारीला जी दहा हजार घरं झाली त्यातल्या एकात. धाप लागते तिला. तिने आयुष्यात एक विडी ओढलेली नाही, पण तंबाखूची धूळ पस्तीस वर्षं नाकातोंडात गेली. मी सिगार पुढे ठेवली. ती म्हणाली, "ही तर ताताची चुट्ट!" माझे आजोबा तेलंगणातून मागावर कामाला आले तेव्हापासून चुट्ट ओढायचे. चिरूट हा आपला शब्द इंग्रजांकडून आला, पण त्यांनी तो तमिळ 'शुरुट्टु'वरून घेतलेला. म्हणजे वळलेलं. इतकी वर्षं मला सिगार म्हणजे इंग्रजी सिनेमातल्या श्रीमंतांची वस्तू वाटत होती.

अम्माने सूप मागवलं. माळ्यावरून काढावं लागलं. मांडीवर घेऊन तिने नखाने टोपी उचलली आणि वरचं पान उलगडत नेलं. न फाटता, एका लांब पट्टीसारखं सगळं आलं. मग बांधणीचं, मग आतली. प्रत्येकाचा वास घेतला. दोरा कुठंय म्हणाली. मी डिंकाचं सांगितलं. पान उजेडाला धरून म्हणाली, "ओलं करून ताणलंय. चांगला हात आहे." मग विचारलं, "दिवसाला किती वळतो?"

"शंभर-सव्वाशे."

"एवढ्याच?" मग हसली. मग म्हणाली, "आणि मजुरी किती?"

मला तिची जाडी माहीत होती, इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात ती. किती ओलाव्यात ठेवायची ते माहीत होतं. कुठली पानं कशासाठी, कोणत्या भागात कोणती चव, सगळं माहीत होतं. मजुरी मी विचारलीच नव्हती.

अम्मा काही बोलली नाही. तिने पानं परत वळायला घेतली. बोटं आता थरथरतात, वरचं पान मध्यावर फाटलं. तिने ती हातात दाबून बघितली आणि सुपाच्या कडेला सरकवली.

"छाट," म्हणाली.

दुसरी सिगार माझ्या पर्समध्ये आहे. ज्यांना बघायची आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत भेटा. बघायचीच फक्त. सर बघताहेत.