गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर पॉवर देत नाही? आधी वायर बघा

जळगाव-धुळे रोडला गाडीतून रेडिओवर बोलणारे हॅम मित्र विचारतात, "अ‍ॅम्प्लिफायर 100 वॅटचा, मीटर 70च दाखवतं. ट्रान्झिस्टर गेला का?"

थांबा, झाकण उघडू नका. अँटेनाची केबल काढून डमी लोड लावा. पॉवर पूर्ण आली, तर दोष अँटेनात किंवा केबलमध्ये. नाही आली, तर मल्टिमीटर थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर धरा आणि पीटीटी दाबा. इंजिन चालू असताना 13.8 व्होल्टच्या आसपास असतात; दाबल्यावर 12च्या खाली गेले, की समजा चोर सापडला. 100 वॅटला साधारण 15 अँपिअर लागतात. गंजलेल्या फ्यूज होल्डरमध्ये नुसता 0.1 ओहम रोध असला, तरी दीड व्होल्ट तिथंच जातो आणि होल्डर तापतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या वर, बॉनेटखाली तर विचारूच नका! पॉवरचं सोडा, गाडी पेटायला नको. म्हणून वायर जाड घ्या, फ्यूज बॅटरीजवळ लावा.

आणि हो, 27 मेगाहर्ट्झचा सीबी आपल्याकडे विनापरवाना चालतो, पण 5 वॅटपर्यंतच. त्याला अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा नाही. जास्त पॉवर हवी, तर हॅम परवाना काढा आणि हॅम बँडवरच बोला.

भेटू पुढच्या भागात!