अर्ध्या तिकिटात कासचं पठार

 

आज कर्जाचे हप्ते नाहीत, बँकेची फाईल नाही, शेळीपालन नाही. आज फुलांविषयी बोलायचं आहे. पण त्याआधी तुम्हाला एक प्रश्न. तुम्ही शेवटचं एसटीत कधी बसलात, आणि कशासाठी बसलात?

हा प्रश्न आम्ही संक्रांतीच्या सुमाराला आमच्या गटाच्या बैठकीत विचारला होता. उत्तरं अशी आली. दवाखान्यात. बँकेत केवायसीला. भावजयीच्या बाळंतपणाला. मयतीला. लेकीच्या दाखल्यासाठी तहसीलला. एक आक्का म्हणाल्या, शिंगणापूरच्या यात्रेला, पण तिथंही तीन दगडांच्या चुलीवर तीस माणसांचा स्वयंपाक केला. नुसतं काहीतरी बघायला, काही काम नसताना, कुणीच बसलं नव्हतं. बारा बायकांत एकही नाही.

तिथंच ठरलं की एक दिवस काम नसताना जायचं. जायचं ते आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या कासच्या पठारावर. आपण माणदेशातल्या. आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही पडला तर. आणि याच जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर. पुण्या-मुंबईची माणसं गाड्या भरभरून कासला येतात आणि आपण जिल्ह्यातल्या असून बघितलेलं नाही, हे आम्हाला बरोबर वाटलं नाही.

आता पैशाचं. सहलीसाठी कर्ज काढायचं नाही, अंतर्गत कर्जसुद्धा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. दर आठवड्याच्या बचतीबरोबर दहा रुपये वेगळे. त्याची वहीत वेगळी नोंद. चौतीस आठवड्यांत प्रत्येकीचे तीनशे चाळीस रुपये झाले. जीपवाल्याला विचारलं तर त्यानं सांगितलेला आकडा ऐकून आम्ही परत विचारलं नाही. मग हिशोब एसटीचा केला. मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत एसटीमध्ये आपल्याला अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तर वर्षांच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट आहे. पासष्ट ते पंच्याहत्तरच्या मधल्यांना अर्धं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धं, पाचाच्या आतल्याला काहीच नाही. आमची माणसं एकवीस झाली. नऊ बायका, चार सासवा, दोन सासरे, तीन नवरे आणि तीन पोरं. सगळ्यांत पूर्ण तिकीट फक्त तीन नवऱ्यांचं होतं. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले, पण पैसे त्यांनीच काढले.

पैशापेक्षा अवघड प्रश्न वेगळेच होते. पहिला प्रश्न, धार कोण काढणार? नऊ घरांत मिळून चौदा दुभती जनावरं. बाई घरातून एक दिवस हलायची म्हटलं की आधी गोठा आडवा येतो. यावर आपल्या जुन्या लोकांचाच उपाय कामाला आला. सावड. वरच्या आळीतल्या गटातल्या बायकांनी त्या दिवशी आमच्या धारा काढायच्या, वैरण-पाणी करायचं, आणि त्या कुठं निघाल्या की आम्ही त्यांचं करायचं. खुरपणीला सावड करतो, मग फिरायला जायला का नाही?

दुसरा प्रश्न पंचांगाचा. कासची फुलं साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतात, आणि भर सप्टेंबरात. म्हणजे गौरी-गणपती आटोपले की नेमका पितृपंधरवडा. पितरं असताना सहल कसली, असं दोन घरांत ऐकावं लागलं. त्यावर एका सासऱ्यांनीच तोड काढली. ते म्हणाले, "आपण लग्न काढतोय का मुंज काढतोय? फुलं बघायला कुठलं पितर आडवं येतंय?" नवरात्र बसलं की घरं सारवणं, धुणं सुरू होतं, त्यामुळं हाच पंधरवडा मोकळा होता. बाजरी दाण्यात आलेली होती, पण पाखरं राखायला घरोघरी एकेक माणूस मागं राहिलं.

तिसरा प्रश्न, परवानगीचा. कासला आता वाटलं तसं घुसता येत नाही. प्रवेश शुल्क आहे आणि मोबाईलवरून आधी नोंदणी करावी लागते. दर आणि नियम त्या त्या हंगामाला बघून घ्यावेत. आमच्यातल्या एकीच्या अकरावीतल्या लेकीनं नोंदणी केली. शनिवार-रविवार फार गर्दी असते म्हणून गुरुवार धरला. मुलांच्या शाळेत आदल्या दिवशी चिठ्ठी दिली, "कुटुंबासोबत सहलीस जात आहे." आजारी आहे असं खोटं लिहायचं नाही, हेही ठरवूनच केलं.

पहाटेच्या गाडीनं निघालो. दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत सातारा. जसजसं पश्चिमेला जाल तसतसा रंग बदलत जातो. आपली बाजरी आणि मटकी मागं राहते, ऊस दिसायला लागतो, मग आलं, सोयाबीन. साताऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर सगळ्या बायकांनी आधी स्वच्छतागृह गाठायचं, हा नियम करून टाका. पुढच्या वाटेवर पटकन सोय मिळेलच असं नाही, आणि बाया त्या भीतीनं दिवसभर पाणी पीत नाहीत. आम्ही पाणी प्यायलो.

साताऱ्याहून बामणोलीकडे जाणारी एसटी कासवरून जाते. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास, पण यवतेश्वरचा घाट आहे, त्यामुळं वेळ लागतो. वाहकाला चढतानाच परतीच्या गाड्यांच्या वेळा विचारून कागदावर लिहून घ्या. शेवटच्या गाडीवर कधीच विसंबू नका, तिच्या आधीची गाडी धरा.

आता पठार. आमच्या डोळ्यांसमोर बाग होती. वाफे, कुंड्या, पाटाचं पाणी असं काहीतरी. तिथं तसं काही नाही. तो माळ आहे. आपल्यासारखाच माळ. जांभ्या खडकाचा सडा आणि त्यावर बोटभर माती, काही ठिकाणी तीही नाही. समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास उंची, वारा असा की पदर डोक्यावर राहत नाही. पावसाळ्यात त्या खडकावर पाणी साचतं, हिवाळ्यात ते आटतं आणि उन्हाळ्यात सगळं करपून जातं. मोठं झाड तिथं मूळच धरू शकत नाही, म्हणून लहान लहान रोपांना जागा मिळते. त्यांच्याकडे वेळ थोडा असतो. पाऊस आहे तोवर उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं.

अशा मातीत साडेआठशेच्या आसपास जातींच्या फुलझाडांची नोंद झालेली आहे. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या एकोणचाळीस ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात कास आहे.

धुकं जरा हटलं आणि समोर तेरडा दिसला. गुलाबी, जांभळा, नजर जाईल तिथंवर. सासवांनी तो लांबूनच ओळखला. गौरी उठून आठ-दहा दिवसच झाले होते. एक म्हणाली, "बाई, ह्या तर सगळ्या गौरीच उभ्या हायेत!" तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतो आपण, पण तिथं एक झाड मावळलं की शेजारचं फुलतं, त्यामुळं पठाराचा रंग बरेच दिवस टिकतो. पिवळी सोनकी होती. पांढऱ्या बटणांसारखे गेंद होते. आणखी एक पिवळं फूल, त्यावर दोन लाल ठिपके, पोरांनी त्याला बघताक्षणी मिकी माउस म्हटलं, आणि तिथले लोकही त्याला तेच म्हणतात. टोपलीसारखं गोल झुडूप असतं ती टोपली कारवी. ती दर सात वर्षांनी एकदाच भरभरून फुलते. आम्हाला नुसती हिरवी बघायला मिळाली.

सगळ्यांत मन रमलं ते सीतेच्या आसवांत. निळसर जांभळं, नखाएवढं फूल. नाव ऐकून आम्ही वाकून बघत होतो, तेव्हा वाट दाखवणाऱ्या मुलानं सांगितलं की हे झाड किडे खातं. ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या असतात, त्यात सूक्ष्म जीव अडकतात. दवबिंदू नावाचं दुसरं झाड पानावरच्या चिकट थेंबांनी किडे धरतं. मातीत नत्र कमी, म्हणून ते अन्न झाडांनी असं मिळवलं. एक आक्का म्हणाली, "म्हणजे रडून बसली न्हाई ती. पोटाचं बघितलं." यावर आम्ही बराच वेळ हसलो, आणि नंतर गप्पही झालो.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हे भाषण केलं, ती सांगते. आमच्यात एक आत्या होत्या, एका ताईच्या सासूबाई. बत्तिसाव्या वर्षी नवरा गेला, आता वय अडुसष्ट. छत्तीस वर्षांत डोक्यात फूल नाही. हळदीकुंकवाला त्या चुलीपुढे असतात. फुलं बघायला यायलाही त्या तयार नव्हत्या. "मला काय करायचीत फुलं?" म्हणायच्या. सूनबाईनं हट्ट केला म्हणून आल्या.

पठारावर शिरतानाच सांगितलं जातं की फूल तोडायचं नाही, वाट सोडून पाऊल टाकायचं नाही. आमच्यातल्या एका नव्या सुनेचा हात सवयीनं पुढं गेला तर तिथल्या राखणदार बाईनं तिला थांबवलं. आत्या हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे हितं कुणीच माळायचं न्हाई?" राखणदार बाई म्हणाली, "कुणीच न्हाई, आज्जी. बघायचं फक्त." आत्या म्हणाल्या, "मग हितं बरंय. सगळ्या सारख्या."

एवढंच बोलल्या. मग दोन तास सगळ्यांच्या पुढं चालत होत्या. आम्हाला बसा म्हणावं लागलं.

ती राखणदार बाई जवळच्याच गावची. आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या पठाराची राखण करतात, त्यात गावातल्या लोकांना हंगामात काम मिळतं. ती म्हणाली, "फुलं दीड महिना. बाकी वर्षभर आमचं शेत न् जनावरं, तुमच्यासारखंच." आमच्या भाकरीतली चतकोर तिनं आमच्याबरोबर खाल्ली. खाल्ल्यावर कागद, पिशव्या सगळं आम्ही परत गाठोड्यात बांधून आणलं. तुम्हीही आणा.

रात्री साडेआठला गावात पोचलो. धारा निघाल्या होत्या, जनावरं बसली होती. एकीचा नवरा, जो मागं राहिला होता, त्यानं पिठलं करून ठेवलं होतं. खारट होतं, पण होतं.

यानंतरच्या बैठकीत आत्यांच्या बोलण्याचा विषय निघाला. माळावर सगळ्या सारख्या, मग गावात का नाही? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर राज्य सरकारनंही परिपत्रक काढलं. ते आम्हाला माहीत होतं. आम्ही ते गटात वाचूनही दाखवलं होतं. वाचून काही हललं नव्हतं. या संक्रांतीला मात्र गटाच्या हळदीकुंकवाला आम्ही सगळ्यांना बोलावलं, आणि दारातच प्रत्येकीच्या हातात गजरा ठेवला, विचारलं काहीच नाही. दोघी जणी बसल्या नाहीत, वाण घेऊन निघून गेल्या. त्यांच्याशी आम्ही भांडलो नाही. आत्यांनी गजरा घेतला. माळला नाही, मनगटाला बांधला. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत तुम्हीही हा प्रश्न विचारा. एसटीत शेवटचं कधी बसलात, कशासाठी? मग दहा रुपये वेगळे काढायला लागा. कास लांब पडत असेल तर तुमच्या जवळचं काही धरा, धरण असेल, किल्ला असेल, एखाद्याच्या शेतातला झेंडूचा फड असेल. जाताना सासूला न्या, पोरांना न्या, नवरा येत असेल तर त्यालाही न्या. आधार कार्ड विसरू नका, सवलतीला लागतं. छत्रीपेक्षा डोक्यावरून घ्यायचं घोंगतं बरं, वाऱ्यात छत्री टिकत नाही. चपलेपेक्षा बूट बरे, खडक निसरडा असतो. आणि कुणी विचारलं, तिथं काय काम आहे, तर सांगा, काही काम नाही, फुलं बघायला चाललोय.