खंड्याचे चित्र



रेडिओवरून चित्राविषयी बोलायचे म्हणजे जरा अवघडच काम. मी काही आपल्याला चित्र दाखवू शकत नाही. पण एक चित्र असे आहे की ते न दाखवताही आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर उभे राहील. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या आठवा. मधल्या गोल कागदावर कर्ण्यापुढे बसलेला, मान किंचित कलती करून ऐकणारा एक पांढरा कुत्रा असे. गावाकडे लोक त्या तबकडीला "कुत्र्याची तबकडी" म्हणत.

तो कुत्रा खराखुरा होता. १८८४ साली इंग्लंडात ब्रिस्टल गावी तो जन्मला. त्याचा धनी वारल्यावर धन्याच्या भावाने, फ्रान्सिस बॅरॉड नावाच्या चित्रकाराने, त्याला सांभाळले. १८९५ साली कुत्रा मेला, आणि त्यानंतर तीन वर्षांनी बॅरॉडने आठवणीतून त्याचे चित्र काढले. पुढे १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने ते हक्कांसकट शंभर पौंडांना घेतले. मूळ चित्रात यंत्र निराळे होते. कंपनीच्या सांगण्यावरून चित्रकाराने त्यावर रंग चढवून नवा ग्रामोफोन काढला. कुत्रा मात्र होता तसाच राहिला.

त्या कुत्र्याचे नाव होते निपर. याचा अर्थ मी मागाहून सांगणार आहे, तेवढे लक्षात असू द्या.

मी बारामती तालुक्यातल्या सुप्याचा रहिवासी. चौफुल्याहून मोरगावकडे जाणारा रस्ता आमच्या गावावरून जातो. तोच पुढे जेजुरीच्या यात्रेकरूंनाही सोयीचा. तीन वर्षांपूर्वी चंपाषष्ठीच्या रात्री या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. शेजारचा सहावीतला मुलगा धावत आला आणि म्हणाला, "सर, रस्त्याच्या कडेला कुत्रं पडलंय. जिवंत आहे."

गाडी कुणाची होती ते कळले नाही. कुत्रा तांबूस रंगाचा, वर्षा-दीड वर्षाचा, मागचा एक पाय लोंबत असलेला. मी घाईने त्याला उचलायला गेलो आणि त्याने माझा हात कडकडून धरला.

चूक माझीच होती. दुखावलेले जनावर आपला-परका ओळखत नाही, वेदना तेवढी ओळखते. अशा वेळी पुढून जाऊन हात घालू नये. जाड गोणपाट अंगावर टाकावे, त्याला ओकारी किंवा धाप नसेल तर कापडाची पट्टी तोंडाभोवती हलकेच बांधावी, आणि गोणपाटाचीच झोळी करून दोघांनी उचलावे. हे मला दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळले!

त्या रात्री ओसरीवर माणसे जमली. कुणी म्हणाले जखमेत तिखट भरा, कुणी चुना सुचवला, कुणाला एक मंत्र घालणारा माहीत होता. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र कुणाचे ऐकले नाही. मला नळाखाली बसवून साबणाने हात धुवायला लावला, तोही घड्याळ लावून पुरती पंधरा मिनिटे. मग दवाखाना. श्रोतेहो, एवढे एकच वाक्य आपण या भाषणातून घरी नेलेत तरी मला समाधान आहे: कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. डॉक्टर देतील त्या सगळ्या तारखा पाळायच्या. जखम खोल असेल तर जखमेतच आणखी एक औषध टोचतात, त्यालाही नाही म्हणायचे नाही. १८८५ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चरने एका नऊ वर्षांच्या मुलाला ही लस टोचवली, आणि पिसाळलेल्या कुत्र्याने चावूनही तो मुलगा वाचला. पण रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मग आजही बहुतेक कुणी वाचत नाही. म्हणून वाट पाहायची नाही.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. तो कसा खातो, कसा पाणी पितो, कसा वागतो, ते पाहा. पण तुमची लस त्यासाठी थांबवायची नाही."

आता दहा दिवस नजर ठेवायची म्हणजे करायचे काय? मोकळ्या गोठ्यात, पायाला प्लॅस्टर घातलेला कुत्रा एका कोपऱ्यात आणि मी दुसऱ्या कोपऱ्यात. मुलांना दहा दिवस आत यायची बंदी. शाळेत असताना मी ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती. ते आठवले. मी वही आणि चुलीतला कोळसा घेऊन बसलो. शेजारच्या आजींनी चंपाषष्ठीला आला म्हणून कुत्र्याचे नाव ठेवले खंड्या.

पहिल्या दिवशीचे चित्र मी अजून जपून ठेवले आहे. ते पाहून मला हसू येते. त्यात शेपूट वर, कान ताठ, चारी पाय सरळ. म्हणजे ते खंड्याचे चित्र नव्हतेच. ते दत्ताच्या तसबिरीतल्या कुत्र्याचे चित्र होते. १८९४ साली मुंबईत निघालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याने देवांच्या तसबिरी घरोघर पोचवल्या. दत्ताच्या पायांशी चार कुत्री, तेच चार वेद, असे आपण लहानपणापासून ऐकतो. देवघरातल्या खंडोबाच्या टाकावरही घोड्यापाशी कुत्रा असतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण कीर्तनात ऐकतो. तसबिरीतल्या कुत्र्याला आपण हात जोडतो आणि दारातल्या कुत्र्याला दगड मारतो. याचे कारण मला वाटते एवढेच, की दारातल्याकडे आपण कधी नीट पाहिलेलेच नसते.

दुसऱ्या दिवसापासून मी ठरवले, मनातले काढायचे नाही. समोर दिसते तेच काढायचे.

आणि मग काय काय दिसू लागले! कुत्र्याच्या मागच्या पायाला मध्यावर जो मागे वळलेला कोन दिसतो, त्याला आपण गुडघा समजतो. तो गुडघा नव्हे, ती टाच आहे. कुत्रा आपल्यासारखा तळपायावर चालत नाही, बोटांवर चालतो. त्याची टाच कायम उचललेली असते. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वळतो. शिक्षक बंधुभगिनींनो, मुले कुत्र्याचे पाय टेबलाच्या पायांसारखे काढतात ते एवढ्यामुळेच. ही एक गोष्ट फळ्यावर दाखवा. गाय, घोडा, मांजर, सगळ्यांचे मागचे पाय त्यांना उलगडतील. मलाही त्यामुळेच कळले की खंड्याची मोडलेली जागा गुडघा नसून नडगी आहे.

चौथ्या दिवशी चित्रात बरगड्या मोजता येत होत्या. बाराव्या दिवशी तीनच उमटल्या. एकदा कान काढताना आतल्या बाजूला दाण्यासारखे काही दिसले. त्या होत्या गोचिड्या. या गोचिड्यांमुळे कुत्र्यांना ताप येतो, रक्त उतरते. औषध दवाखान्यातून आणले. घासलेट किंवा शेतातले फवारणीचे औषध त्यावर घालू नये. आणखी एकदा डोळा काढत असताना ध्यानात आले की एका डोळ्यातला चमकदार ठिपका दुसऱ्यात नाही. पाहिले तर डोळ्यात कुसळ होते. वहीत काढले नसते तर मला ते दिसलेही नसते.

आता कुणी म्हणेल, हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. फोटो क्षणात निघतो. मग कोळशाने हात काळे कशाला करायचे? त्याला माझे उत्तर असे: फोटो यंत्र काढते, पाहावे मात्र आपल्याला लागते. फोटोला एक क्षण पुरतो. चित्राला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात आपण त्या जिवाकडे दुसरे काहीही न करता पाहत असतो.

सहा-सात आठवड्यांनी प्लॅस्टर निघाले. खाण्याचेही आम्ही शिकलो. नुसती दूधभाकरी पुरत नाही, अधूनमधून उकडलेले अंडे लागते. घरातल्या आमटीत कांदा-लसूण असतो, तो कुत्र्याला बाधतो. चॉकलेट बाधते. बारामती-इंदापूरच्या बागायतदारांनी हेही ऐकावे, की द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. माणसाची डोकेदुखीची गोळी तर कधीच देऊ नये. रेबीजची लस दिली. ती पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर आणि मग दरवर्षी द्यायची असते.

इथवर गोष्ट गोड आहे. पण इथेच थांबलो तर मी आपल्याशी खरे बोललो असे होणार नाही.

आमच्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली ते जाहीर झाले. विस्तार जेमतेम पाच चौरस किलोमीटर, सगळे गवताळ माळरान. तिथे चिंकारा राहतात. लहानसे, तांबूस, वाऱ्यासारखे पळणारे हरीण. उन्हाळ्यात एके दिवशी पहाटे मी खंड्याला घेऊन त्या बाजूला फिरायला गेलो. गळ्यात दोरी नव्हती. घरचा गरीब कुत्रा, दोरी कशाला?

गवतातून एक मादी उठली. तिच्यामागे पाडस. आणि माझ्या शेजारून खंड्या सुटला. मी हाका मारल्या, त्याला ऐकूच आल्या नाहीत. त्याचा तो वेग, जमिनीला समांतर झालेली मान, मागे ओढलेले ओठ, हा कुत्रा मी कधी पाहिलाच नव्हता. दोनशे पावलांवर त्याचा दुखरा पाय अडखळला आणि हरणे निसटली. पाय धड असता तर काय झाले असते, ते मी सांगायला नको.

तो लंगडत परत आला आणि नेहमीसारखा माझ्या पायांशी बसला. मला मात्र मान वर करवेना. मोडलेला पाय मीच बरा करवून घेतला होता, आणि त्याच पायांवर त्या पाडसाचा काळ मीच मोकळा सोडला होता.

घरी येऊन मी वही उघडली. चाळीसएक चित्रे होती. झोपलेला खंड्या, पाणी पिणारा खंड्या, दारात वाट पाहणारा खंड्या. एकाही चित्रात दात नव्हते. ज्याने पहिल्या रात्री माझा हात फोडला त्याचे दात मी एकदाही काढले नव्हते! समोर दिसते तेच काढायचे असे ठरवूनही मी मला आवडेल तेवढेच काढत होतो.

आता त्या निपर नावाचा अर्थ सांगतो. निपर म्हणजे चिमटा काढणारा, चावरा. घरी आलेल्या पाहुण्यांच्या टाचा धरायची त्याला खोड होती, म्हणून ते नाव पडले असे सांगतात. जगाने चित्रातला शहाणा, ऐकणारा कुत्रा पाहिला. त्याच्या दातांची आठवण नावात तेवढी उरली.

श्रोतेहो, भटक्या जनावराला आसरा देणे हे पुण्यच आहे. पण ते पुण्य भाकरी टाकल्याने पुरे होत नाही. ज्याला आपण वाचवतो त्याच्या दातांची जबाबदारीही आपल्यावर येते. खंड्याची आम्ही नसबंदी करून घेतली. माळाच्या बाजूला जाताना आता त्याच्या गळ्यात दोरी असते. गावात कुणी उरलेसुरले अन्न माळावर नेऊन टाकत असेल, तर मी हात जोडून सांगतो की त्या अन्नावर कुत्र्यांचे कळप पोसतात आणि मग ते हरणांच्या, शेळ्या-मेंढ्यांच्या आणि कधी लहान मुलांच्याही मागे लागतात. टाकणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याची किंमत दुसरा कुणी मोजतो.

शिक्षकांना एक विनंती करून थांबतो. येत्या रविवारी मुलांना एक काम द्या. आपल्या घरच्या किंवा ओळखीच्या कुत्र्याचे चित्र काढून आणा, पण मनातून नव्हे, समोर बसून. चार हात दूर बसायचे. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांपाशी असलेल्या कुत्रीला हात लावायचा नाही. कोळसा चालेल, गेरू चालेल, रंगपेटी नसली तरी अडत नाही. चित्राखाली तीन गोष्टी लिहायच्या: बरगड्या दिसतात का, पायाची टाच कुठे आहे, आणि याला लस टोचली आहे का. सोमवारी वर्गातली चित्रे पाहिलीत तर गावातल्या कुत्र्यांची निम्मी हकीकत आपल्याला कळेल.

शेजारचा तो मुलगा आता नववीत आहे. परवा तो माझी वही चाळत होता. शेवटच्या चित्रात खंड्या जांभई देतो आहे, तोंड पुरते उघडे, सुळे स्पष्ट. मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, हा आता आपला खंड्या वाटतोय."